जुनं रॉकेल इंजिन आणि आजचं पेट्रोल: माझा अनुभव

आमच्या गुऱ्हाळावर आजोबांच्या काळातलं इंजिन आहे, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं. ते परत चालू केलं तर कार्ब्युरेटर (हवेत इंधन मिसळणारा भाग) सारखा भरून वाहायचा. सुई-सीट, म्हणजे त्यात येणारं इंधन बंद करणारी झडप, घासून पाहिली, फरक शून्य.

दोष फ्लोटमध्ये निघाला, म्हणजे इंधनावर तरंगून ती सुई बंद करणाऱ्या तरंग्यात. जुना फ्लोट बुचाचा, त्यावर लाखेचा लेप. आता पंपावर २०% इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि लाख म्हणजे इथेनॉलमध्येच विरघळणारी वस्तू! लेप गेला, बुचानं इंधन पिलं, फ्लोट जड होऊन बुडाला. परत लाख लावू नका, पैसे वाया. मी उद्यमनगरात पितळी फ्लोट डाग देऊन करून घेतला. वजन मूळ कोरड्या फ्लोटइतकंच ठेवायला सांगितलं, नाहीतर पातळी चुकते. रबरी नळीही इथेनॉल चालणारी घातली.

राहिलं रॉकेल. रेशनचं निळं नको, पांढरं घ्या. इंजिन चांगलं तापल्याशिवाय पेट्रोलवरून रॉकेलवर न्यायचा कॉक फिरवायचा नाही. थंड इंजिनात रॉकेलची नीट वाफ होत नाही, ते पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइल पातळ करतं. म्हणून ऑइलची कांडी रोज बघायची. पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते रॉकेल आहे, ऑइल बदला. लोडवर इंजिनातून ठोक्यांचा आवाज आला तर लोड कमी करा. बंद करायच्या आधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल राहतं आणि सकाळी हँडल मारताना खांदा निखळत नाही, भावा.