मेंढीची वीण: आधीचे सहा आठवडे, नंतरचा एक तास

मेंढी साधारण १४७ ते १५० दिवस गाभण राहते. आषाढात मेंढा लागला की मार्गशीर्षात वीण येते. तोवर पावसाळी चारा अंगी लागलेला असतो नि चिखलही सरलेला असतो. म्हणून वीस-पंचवीस मेंढ्यांमागे एक मेंढा धरा, तोही महिना-दीड महिनाच कळपात सोडा. बारमाही मोकळा ठेवला, तर ऐन मृगाच्या पावसात कोकरं जन्मतात आणि गारठून जातात. मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा. कोणती मेंढी कधी लागली ते तिच्या पुठ्ठ्यावरच दिसतं. तारीख मात्र वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका.

पोटातलं कोकरू खरं वाढतं ते शेवटच्या सहा आठवड्यांत. त्याच वेळी मेंढीच्या पोटात चाऱ्याला जागा कमी उरते. नुसत्या चराईवर भागत नाही. मक्याचा भरडा नि शेंगदाणा पेंड हळूहळू वाढवत रोज पाव किलोवर न्या. विण्याआधी तीन-चार आठवडे आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाची) लस टोचून घ्या, तिचा फायदा चिकातून, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातून, कोकराला मिळतो.

कास तटतटली, मेंढी कळपातून बाजूला होऊन पायाने जमीन उकरू लागली, की लांब उभं राहून बघा. पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं तर काही करायचं नाही. पाणमोट फुटून तास झाला तरी काही पुढे सरकत नसेल, किंवा नुसतं डोकं किंवा शेपूट दिसत असेल, तर डॉक्टरांना बोलवा. ओढाओढ करू नका.

कोकरू पडलं की नाकातोंडातला चिकटा बोटाने काढा. बाकीचं आईला चाटू द्या. सुरुवातीला मी हौसेने पोत्याने खसाखसा पुसायचो. एका मेंढीने असं पुसलेलं कोकरू हुंगलं आणि शिंग नसलेल्या डोक्याने ढुशी मारून बाजूला केलं. आई पिल्लू ओळखते ती वासावर, आणि तो वासच मी पुसून टाकला होता.

मग नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. दोन्ही सड पिळून तोंडाशी बसलेला चिकट बोळा काढा आणि तासाभरात कोकराला चीक पाजा. अडीच किलोच्या कोकराच्या पोटात पहिल्या दिवसात पाव लिटर तरी चीक जायला हवा, तोही चार-पाच वेळा थोडा थोडा. पीत नसेल तर त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं तर आधी ऊब द्या. निपचित कोकराच्या घशात दूध ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

दख्खनी मेंढीला बहुधा एकच कोकरू होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीचा गुण आणून तयार केलेल्या नारी सुवर्णाला मात्र जुळी बरीच होतात. मेंढी पहिल्यालाच घेऊन चालू लागते नि दुसरं मागे राहतं, म्हणून तिघांना दोन दिवस छोट्या कुडात कोंडा.

वार, म्हणजे कोकरामागून बाहेर येणारं गर्भाचं वेष्टण, आपोआप पडते, हाताने ओढू नका. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना दाखवा. पडली की हात भर खोल पुरा, नाहीतर कुत्र्यांना वाड्याची चटक लागते.

पंधरा दिवसांनी शेवरीच्या चार कोवळ्या डहाळ्या कोकरांच्या तोंडाच्या उंचीला बांधा. आधी ती नुसतीच चघळतील.