दारातला चेहरा ओळखू येतो का? कॅमेरे असे पारखा

वडिलांच्या दारावर मी चार मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवला होता. दुपारी चित्र इतकं स्वच्छ, की पायपुसण्याचे धागे मोजावेत. मग एका संध्याकाळी कुणीतरी बराच वेळ दार वाजवून निघून गेलं. वडील घरात एकटे होते. रेकॉर्डिंग लावलं, तर मागच्या उजेडासमोर नुसती काळी आकृती. त्या रात्री त्यांचा डोळा लागला नाही. तेव्हापासून भर उजेडातलं चित्र बघून मी कुठलाच कॅमेरा पसंत करत नाही.

दोन कॅमेरे तोलायचे तर ते एकाच उंचीवर, शेजारी शेजारी लावा. दोन्हींचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा) सारखा ठेवा. मोबाईलवरचं लाइव्ह चित्र बहुतेक वेळा हलक्या प्रतीचं असतं, म्हणून कार्डावर साठलेली मूळ क्लिपच उघडा. आणि समोरून कुणाला तरी चालायला लावा. उभा माणूस जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात छान दिसतो.

चालण्याचं महत्त्व हिशोबाने कळतं. अंधार पडला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाला सव्वा मीटर चालणारा माणूस एक पंचविसांश सेकंदात पाच सेंटिमीटर सरकतो, एक तृतीयांशात चाळीसहून जास्त. आडवा चालला तर चेहऱ्याचा पार फराटा होतो. मागची भिंत मात्र उजळ आणि नितळ दिसते, आणि आपण फसतो. सेटिंगमध्ये शटरची मर्यादा घालता येत असेल तर ती एक पंचविसांशापेक्षा सैल सोडू नका. चित्र काळवंडलं तरी चालेल. नॉइज रिडक्शन, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारी सोय, हीही फार चढवू नका, हलत्या माणसामागे सावली ओढल्यासारखी दिसते.

पहिली चाचणी संध्याकाळची, माणसाच्या पाठीमागून उजेड येत असताना. इथे खऱ्या डब्ल्यूडीआरची, म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही एका चित्रात सांभाळणाऱ्या सोयीची, परीक्षा होते: असा कॅमेरा कमी-जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम घेऊन त्या जुळवतो. नुसत्या डिजिटल डब्ल्यूडीआरमध्ये सावल्या सॉफ्टवेअरने उजळतात, त्यामुळे चेहऱ्यावर दाणे येतात. मात्र रात्री डब्ल्यूडीआर बंद करूनही एकदा बघा. अनेकदा चित्र सुधारतं.

दुसरी कातरवेळेची. कॅमेरा रंगीतवरून कृष्णधवलवर जाताना फिल्टरचा 'टक्' आवाज येतो. तो पुन्हा पुन्हा उलटसुलट होत असेल, तर बदलाची वेळ किंवा संवेदनशीलता हाताने ठरवा.

तिसरी रात्रीची, आधी दिवा लावून आणि मग नुसत्या इन्फ्रारेडवर. माणूस अगदी दाराशी आला की चेहरा पांढराफटक पडतो का, ते पाहा. 850 नॅनोमीटरचे एलईडी मंद लाल दिसतात, 940चे दिसत नाहीत, पण त्यांचा पल्ला कमी पडतो. इन्फ्रारेडमध्ये काही काळे कपडे पांढुरके दिसतात, तेव्हा शर्टाच्या रंगावरून माणूस ओळखायला जाऊ नका. पिवळ्या बल्बखालीही रंग बदलतात.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर अनोळखी माणूस ओळखण्यासाठी मीटरमागे 250 पिक्सेल हा रूढ निकष आहे. 1920 पिक्सेल रुंदीच्या, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या, चित्राला साडेसात मीटर रुंदीपर्यंत तो गाठता येतो. दारासमोरची जागा क्वचितच तेवढी रुंद असते. म्हणून दोन मेगापिक्सेल, पण मोठा सेन्सर आणि एफ 1.6 किंवा त्याहून मोठं छिद्र (म्हणजे एफचा आकडा 1.6 किंवा त्याहून लहान), ही जोडी मला जास्त भरवशाची वाटते.

वडिलांच्या दारावर आता तसाच कॅमेरा आहे, उजेडाकडे थेट तोंड न करता थोडा तिरका लावलेला. शेजारी रात्रभर एक दिवा जळतो. ते आधी मोबाईलवर चेहरा बघतात, मगच कडी काढतात.