ट्यूबमध्ये ४५, वहीत ४०

कोल्हापुरात बी.एस्सी. फर्स्ट इयरला आलाय आणि पुढच्या आठवड्यात मॅग्नेशियम-एचसीएलचं प्रॅक्टिकल (मॅग्नेशियमची रिबन हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये टाकायची आणि निघालेला हायड्रोजन गॅस ट्यूबमध्ये मोजायचा) असेल तर माझी फजिती आधी वाचून जावा.

लिमिटिंग रिअॅक्टंटचं, म्हणजे जो पदार्थ आधी संपतो आणि गॅस किती येणार ते ठरवतो त्याचं, टेन्शन नको. मिसळीच्या एका प्लेटला दोन स्लाइस, स्लाइस दहाच असतील तर कट पातेलंभर असला तरी प्लेटा पाचच. इथं एका मॅग्नेशियमला दोन एचसीएल, फक्त हिशोब मोलमध्ये (म्हणजे कणांच्या संख्येत), ग्रॅम बघून ठरवायला गेला की गंडला. आमची रिबन ०.०४ ग्रॅम, म्हणजे ०.००१६५ मोल, तिला ०.००३३ मोल अॅसिड बास. आम्ही २ मोलरचं (लिटरला २ मोल) ५ मिली घातलं, म्हणजे ०.०१, तिप्पट, त्यामुळं रिबन पूर्ण संपली. शेजारच्या टेबलवर कुणीतरी १ मिलीच ओतलं, तर बुडबुडे थांबले तरी तुकडा तसाच चमकत बसलेला आणि गॅस २७ मिलीवर अडकला. ते बघून जेवढं कळलं तेवढं लेक्चरला कळलं नव्हतं.

०.०४ ग्रॅम साध्या काट्यावर नीट येत नाही बरं का, म्हणून अख्खी एक मीटर रिबन तोला (आमची साधारण १ ग्रॅम भरली) आणि ४ सेंमी कापा. त्याआधी पॉलिश पेपरनं घासा, वरची काळपट ऑक्साइड गॅस देत नाही.

आता खरी गंमत. २८ अंशाला माझ्या गणितानं ४०.६ मिली यायला हवा होता आणि ट्यूबमध्ये ४५ च्या वर. दोनदा केलं, दोन्हीदा तेच, मला वाटलं लीकेज आहे, पण लीक असता तर कमी आला असता ना, जास्त कसा येईल? मग लक्षात आलं की मी प्रेशर सरळ समुद्रसपाटीचं ७६० (मिलिमीटर पारा) घातलेलं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर वर, इथं हवेचा दाब ७१० च्या आसपास असतो, आणि दाब कमी तसा गॅस जास्त जागा घेतो. मोबाईलच्या वेदर अॅपवर बघितलं तर तिथंपण हजारच्या वर हेक्टोपास्कल (म्हणजे ७५० मिलिमीटरच्या वर), कारण अॅप समुद्रसपाटीला आणून दाखवतं, त्यावर जाऊ नका. शेवटी फिजिक्स लॅबच्या भिंतीवरच्या बॅरोमीटरवर बघितलं, ७१२. गॅस पाण्यावर गोळा केलाय म्हणून त्यातनं पाण्याच्या वाफेचे २८ वजा, राहिले ६८४, आणि उत्तर ४५.२, अगदी ट्यूबमधलं. हां, रीडिंग घेताना आतली-बाहेरची पाण्याची पातळी एक करायला विसरू नका, नाहीतर हे सगळं करून उपयोग नाही.

व्हायवाला सरांनी विचारलं, हाच प्रयोग रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, एवढ्याच तापमानाला केला तर? ७६० वजा २८, मागच्या पानावर आकडेमोड करून म्हटलं, ४२ च्या आसपास, सर.