संविधानाच्या अर्थावरून वाद घालताना या चुका टाळा

सीमाभागातल्या मराठी मुलांना संविधानातली काही कलमं शाळेतच पाठ होतात: ३, २९, ३०, ३४७, ३५०, ३५०-अ. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वक्तृत्व स्पर्धांत ती येतात आणि पुढे लॉ कॉलेजच्या मूट कोर्टातही, म्हणजे सरावासाठी लढवल्या जाणाऱ्या नकली खटल्यांतही. कलम माहीत नसतं म्हणून कुणी हरत नाही. त्याचा अर्थ कोणत्या पद्धतीने लावायचा, हे आधी ठरवलेलं नसतं, म्हणून पहिल्याच उलट प्रश्नाला मुद्दा कोसळतो.

पद्धतींवर अभ्यासकांचा वाद जुना आहे. मूळार्थवादी म्हणतात, कलम स्वीकारलं गेलं तेव्हा त्याचा जो अर्थ होता तोच आजही बांधील. शब्दनिष्ठ म्हणतात, छापलेल्या मजकुराच्या पलीकडे जाऊ नका. जिवंत संविधान मानणारे म्हणतात, समाज बदलतो तसा अर्थही वाढतो. १९२९ साली कॅनडाच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या साम्राज्याच्या अपील न्यायालयाने, संविधानाला वाढत्या झाडाची उपमा दिली ती याच विचारातून. काही जण एकेका कलमाऐवजी संपूर्ण संविधानाच्या रचनेतून अर्थ काढतात. यातली कोणतीही पद्धत घ्या, पण ती आपल्या विरोधात जाईल तेव्हाही सोडू नका. खाली ज्या चुका सांगतो आहे, त्यांतल्या बहुतेक ही एक गोष्ट न पाळल्याने होतात.

उदाहरणालाच कलम समजणं

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक हीच. ८ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आजच्या कलम २९ च्या मसुद्यावर बोलताना सांगितलं की, इथे अल्पसंख्याकांचा विचार व्यापक अर्थाने केला आहे. महाराष्ट्रातली काही माणसं बंगालमध्ये जाऊन स्थायिक झाली, तर ती तांत्रिक अर्थाने अल्पसंख्याक नसतील. पण तिथे ती सांस्कृतिक आणि भाषिक अल्पसंख्याक ठरतील, असं उदाहरण त्यांनी दिलं. आपले वक्ते ते हमखास वापरतात. मग समोरून कुणी विचारतं, ‘तुम्ही कुठे जाऊन स्थायिक झालात? तुम्ही तर इथलेच. मग हे तुम्हाला कसं लागू?’ आणि वक्ता गप्प होतो.

गप्प व्हायचं कारण नाही. मूळार्थवादातच तीन वेगळ्या गोष्टी आहेत: संविधान घडवणाऱ्यांचा हेतू, शब्दांचा त्या काळचा सर्वसाधारण अर्थ, आणि घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरची उदाहरणं. अमेरिकेत १९८० च्या दशकात न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलियांसारख्यांनी हेतू शोधण्यापेक्षा शब्दांच्या सार्वजनिक अर्थावर भर दिला, तो ही गल्लत टाळण्यासाठीच. १९४८ साली बेळगाव मुंबई प्रांतात होतं. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत माणसं जागची हलली नाहीत, राज्याची हद्द हलली. असा प्रसंग त्या भाषणातल्या उदाहरणात असणं शक्यच नव्हतं.

आता कलमाचा मजकूर वाचा. भारताच्या कोणत्याही भागात राहणाऱ्या आणि स्वतःची वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती असलेल्या नागरिकांच्या कोणत्याही गटाला ती जतन करण्याचा हक्क आहे. कुठून आलात, कधी आलात, हा प्रश्न त्यात नाही. ‘अल्पसंख्याक’ हा शब्दसुद्धा शीर्षकात आहे, मजकुरात नाही. म्हणजे या ठिकाणी भाषणापेक्षा मजकूर आपल्याला जास्त देतो. भाषण आधाराला घ्या, पाया म्हणून नको.

सोयीप्रमाणे पद्धत बदलणं

कलम ३५०-अ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी राज्याने ‘प्रयत्न’ करावा असं म्हटलं आहे. आपण इथे शब्द सोडून भावना सांगतो आणि राज्यातल्या एका गटाच्या भाषेला अधिकृत मान्यता देण्याबद्दलच्या कलम ३४७ वर मात्र शब्दाशब्दावर अडून बसतो. परीक्षकाच्या हे लगेच लक्षात येतं.

खरी कसोटी दोन निकालांत आहे. कर्नाटक सरकारने १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीचं माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असावं असं ठरवलं होतं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते नाकारलं: मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि ३५०-अ च्या आधारे राज्य माध्यमाची सक्ती करू शकत नाही. हा निकाल आनंदाने सांगणाऱ्यांनी हेही सांगावं की, याच तर्काने मराठी पालकाला इंग्रजी माध्यम निवडायची मोकळीक मिळते. मराठी शाळेचा पट वाचवायला तो निकाल येणार नाही.

दुसरा निकाल उषा मेहता विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००४. महाराष्ट्रातल्या गुजराती भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांनी मराठी सक्तीला आव्हान दिलं होतं. न्यायालयाने सक्ती योग्य ठरवली. बेळगावात कन्नड सक्तीविरुद्ध बोलणाऱ्याला याला उत्तर द्यावंच लागेल. सरहद्दीच्या पलीकडे जे बरोबर ते अलीकडे चूक कसं, हे भावनेने सुटत नाही. सुटतं ते ‘विषय’ आणि ‘माध्यम’ यांतल्या फरकाने. २००४ चा वाद एक भाषा विषय म्हणून शिकवण्याचा होता, २०१४ चा माध्यमाचा. म्हणून आपली तक्रार नेमकी कशाची आहे, ते पहिल्या वाक्यात सांगा. ती विषयाची असेल, तर २००४ चा निकाल आपल्याला जड जातो हे मान्य करून पुढचं बोला.

संविधानात नसलेलं संविधानाच्या नावावर खपवणं

पंधरा टक्के मराठी लोकसंख्या असेल तर परिपत्रकं मराठीत मिळायला हवीत, हे आपण संविधानाचं वाक्य म्हणून सांगतो. तो आकडा १९५६ नंतरच्या भाषिक अल्पसंख्याक संरक्षण योजनेतला आहे. कलम ३४७ मध्ये लोकसंख्येच्या लक्षणीय प्रमाणाचा उल्लेख आहे, आकडा नाही. कलम ३५० राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत तक्रार देण्याचा हक्क देतं. उत्तरही त्याच भाषेत मिळेल असं तिथे लिहिलेलं नाही. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल तर शिफारसच आहे, आणि हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावं.

कलम ३ कडे डोळेझाक

सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये कलम १३१ खाली, म्हणजे थेट सर्वोच्च न्यायालयात, मूळ दावा दाखल केला. त्यावर बोलताना संघराज्य, लोकेच्छा, भाषावार रचना सगळं येतं, फक्त कलम ३ चा सरळ मजकूर येत नाही. राज्याची हद्द बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. विधानमंडळाचं फक्त मत मागवायचं असतं. द्विभाषिक मुंबई राज्यावरून झालेल्या बाबूलाल पराते खटल्यात न्यायालयाने तर असंही म्हटलं की, विधेयकात बदल झाला तरी पुन्हा मत मागवणं गरजेचं नाही. रचनेवरून युक्तिवाद करायचा असेल तर या मजकुराला भिडूनच करा.

परदेशी लेबलं जशीच्या तशी चिकटवणं

‘मी मूळार्थवादी’ म्हणण्याआधी १९५० चा गोपालन निकाल आणि १९७८ चा मनेका गांधी निकाल शेजारी ठेवून वाचा. संविधान सभेने ‘ड्यू प्रोसेस’ (न्याय्य प्रक्रिया) हे शब्द जाणूनबुजून गाळले होते, आणि गोपालन निकालाने कायद्याने ठरवलेली प्रक्रिया पाळली की पुरे असं मानलं. मनेका निकालाने प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी असावी अशी अट जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम २१ मध्ये वाचली. कट्टर मूळार्थवाद्याला मनेका निकाल नाकारावा लागेल. शब्दनिष्ठाला १९७३ चा केशवानंद भारती निकाल जड जाईल, कारण तो ज्यावर उभा आहे ते ‘मूलभूत संरचना’ (संसदेलाही बदलता न येणारा संविधानाचा गाभा) हे शब्द संविधानात कुठेच नाहीत आणि तिथे तेरा न्यायमूर्तींत निकाल सात विरुद्ध सहा असा लागला.

हाताशी असलेला निकाल विसरणं

जगदेव सिंग सिद्धांती विरुद्ध प्रताप सिंग दौलता, १९६४. भाषा जतन करण्याच्या हक्कात तिच्या संरक्षणासाठी चळवळ करण्याचा हक्कही येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं. सीमाभागातल्या प्रत्येक भाषणात हा निकाल असायला हवा, आणि तो फार क्वचित ऐकू येतो. वापरताना दोन गोष्टी सोबत सांगा. तो निवडणूक याचिकेवरचा होता आणि प्रश्न हिंदीच्या प्रचाराचा होता. शिवाय ‘चळवळ’ हा शब्द कलम २९ मध्ये नाही. न्यायालयाने तो ‘जतन’ या शब्दाच्या उद्देशातून काढला. म्हणजे हा निकाल उद्देशाने अर्थ लावणाऱ्याच्या हातात शोभतो. पाच मिनिटांपूर्वी शब्दाबाहेर जाऊ नका म्हणणाऱ्याने तो उचलला, तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.