आधी नेक, मग लाकडाचं कौतुक

मी हातानं केलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारची सुरुवात एका फळीच्या प्रेमात पडण्यापासून झाली. फ्लेम मेपलची फळी होती. तिच्यावरून ओला हात फिरवला की आतल्या लाटा हलल्यासारख्या दिसायच्या. त्या फळीला शोभेल असा बॉडीचा आकार काढला, आकाराला शोभेल असं बाकीचं सगळं ठरवलं, आणि नेक, म्हणजे डाव्या हातात धरायचा लांब दांडा, शेवटच्या दोन आठवड्यांत उरकून टाकला. गिटार तयार झाली तेव्हा येणारा प्रत्येक जण आधी बॉडीवरून हात फिरवायचा, मग मांडीवर घ्यायचा, दोन मिनिटं वाजवायचा आणि काही न बोलता परत द्यायचा. पाचव्या फ्रेटपासून वर तारा खरखरत होत्या (फ्रेट म्हणजे नेकवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या). बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकाशी जुळत नव्हता.

त्यानंतर बऱ्याच गिटारी हातून गेल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त दुरुस्तीच्या. नव्यानं या कामात येणारे लोक अजूनही मला पहिला प्रश्न लाकडाचाच विचारतात. कुठलं लाकूड घेतलं की आवाज चांगला येतो? मला त्यांना नेकबद्दल सांगायचं असतं. पण लाकडाचं आधी बोलून घेऊ, नाहीतर तुमचं लक्ष लागणार नाही.

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते. पिकअप ऐकतो तो तारेला. लाकडाचा परिणाम होतो तो तार कशी थरथरते याच्यावर, आणि तो आपण समजतो त्याहून बराच कमी असतो. पिकअप कुठला, तो ब्रिजपासून (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) किती लांब आणि तारेच्या किती जवळ, तारा किती जुन्या, एवढं बदलून पाहा, फरक लगेच कळतो. 1940 च्या सुमारास लेस पॉल या वादकानं पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा चढवून गिटार केली होती. ती गिटारसारखी दिसावी म्हणून दुसऱ्या गिटारची कापलेली शकलं दोन्ही बाजूंना जोडली. बॉडीच्या लाकडावरून रात्र रात्र वाद घालणाऱ्या मित्रांना मी या ओंडक्याची आठवण करून देतो. वाद त्यानं मिटत नाही, तो भाग वेगळा.

मग भारी लाकूड घ्यायचंच कशाला? तर ते स्थिर राहतं, हत्याराखाली नीट वागतं आणि सुंदर दिसतं. ही कारणं मला पुरेशी वाटतात.

बॉडीसाठी लाकूड निवडताना आधी वजन बघा. 500 बाय 350 मिमी आणि 45 मिमी जाड एवढी फळी ऑल्डरची असेल तर साडेतीन किलोच्या आसपास भरते, हार्ड मेपलची साडेपाच किलोच्या. आकार कापून आणि कप्पे कोरून यातलं बरंच कमी होतं, पण दोघांमधलं अंतर खांद्याला जाणवतंच. महोगनी या दोघांच्या मधे बसते. म्हणून संपूर्ण मेपलची बॉडी न करता महोगनीवर सहा-आठ मिमीचा मेपलचा थर चढवतात. एकच फळी उभी चिरून पुस्तकासारखी उघडायची आणि दोन भाग मधोमध जोडायचे. लाटा आरशातल्यासारख्या समोरासमोर येतात. या लाटा म्हणजे मुळात वाकडे वाढलेले तंतू, त्यामुळे रंधा मारला की खपल्या निघतात. तिथे धारदार स्क्रेपर वापरा, रंध्याचा हट्ट नको.

शिसव घेणार असाल तर कागदपत्रं मागून घ्या. ब्राझीलचं शिसव 1992 पासून, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद. 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या बाकी साऱ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या, म्हणजे त्यांना परवाना लागू झाला. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ती वाद्यांना. कच्च्या फळीला नाही. हे माहीत नसताना फळी सीमेपलीकडे पाठवायला निघालेले लोक मी पाहिलेत.

आणि लाकूड वाळलेलं हवं. फळी आणली की लगेच कापायची नाही. तिच्या चारही बाजूंना हवा खेळेल अशी ती कामाच्या खोलीत काही आठवडे उभी करून ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं की ती त्या खोलीला रुळली असं समजायचं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि वर्षवलयांच्या दिशेनं सगळ्यात जास्त. नेकसाठी वलयं उभी दिसतील अशी चिरलेली फळी घ्या असं जुने लोक सांगतात, त्याचं कारण हेच. गाठ नको, आणि बाजूनं पाहिलं तर रेषा नेकच्या लांबीला समांतर जायला हव्यात. त्या तिरक्या बाहेर पडत असतील तर तो नेक हेडस्टॉकपाशी, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकापाशी, कधीतरी मोडणार.

आता नेक. सहा तारा मिळून त्याला पंचेचाळीस किलोच्या आसपास जोरानं पुढे खेचत असतात, दिवसरात्र. त्याला उलटा ताण द्यायला आत ट्रस रॉड, म्हणजे आवळता येणारी लोखंडी सळई, असते, आणि नवख्यांचा पहिला मोठा अपघात तिथेच होतो. माझाही झाला. गणित साधं आहे. पहिल्या फ्रेटपाशी नेकची एकूण जाडी 21 मिमी धरली, त्यातला फ्रेटबोर्ड (फ्रेट बसतात ती वरची फळी) 6 मिमी, रॉडची खोबण 10 मिमी, तर खोबणीखाली उरलं 5 मिमी लाकूड. मला नेक पातळ आवडतो. कानशीनं घासत गेलो, हाताला छान लागत होतं, अजून थोडं, अजून थोडं. 18 मिमीवर थांबलो तेव्हा खाली दोनच मिमी उरलं होतं, आणि हे मला रॉड आवळल्यावर कळलं. नेकच्या पाठीवर उभी रेघ फुगून आली आणि मग चीर गेली. आता मी खोबण कोरण्याआधी नेकचा आडवा छेद कागदावर पूर्ण मापात काढतो. दहा मिनिटांचं काम आहे.

फ्रेटच्या जागांना डोळ्यांचा अंदाज चालत नाही. तारेची मोजलेली लांबी 648 मिमी घेतली (फेंडरच्या बहुतेक गिटारींची हीच, गिब्सनची थोडी कमी असते) तर तिला 17.817 नं भागायचं, येतात 36.37 मिमी, तो नटपासून (नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येनं भागलं की पुढचा. बारावा नेमका 324 वर, म्हणजे अर्ध्यावर, पडला पाहिजे. आकडेमोड बरोबर आली की नाही हे तिथे कळतं. आखताना मात्र प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा. एका फ्रेटपासून पुढचा असं मोजत गेलात तर दर वेळची पाव मिमीची चूक साठत जाते, आणि एकविसाव्या-बाविसाव्या फ्रेटमधलं अंतर अकरा मिमीहूनही कमी असतं, तिथे ती चूक ऐकू येते.

खाचांची रुंदी ही मला सगळ्यात उशिरा समजलेली गोष्ट. फ्रेटचा लाकडात शिरणारा भाग साधारण अर्धा मिमी जाड असतो. खाच त्याला घट्ट धरेल एवढीच हवी. मी एकदा एबनीच्या फ्रेटबोर्डला बारीक पात्याच्या करवतीनं खाचा पाडल्या, हेतू असा की फ्रेट कधी उचकटू नयेत. बावीस फ्रेट ठोकून झाले आणि नेक मागे वाकलेला! प्रत्येक फ्रेटनं पाचरीचं काम केलं होतं. एक पाचर काही करत नाही, बावीस मिळून नेक वाकवतात. रॉड एकाच दिशेनं ताण देणारा असता तर तो नेक फेकावाच लागला असता. तेव्हापासून मी टाकाऊ तुकड्यावर तीन-चार खाचा पाडून फ्रेट बसवून बघतो, मगच खऱ्या फ्रेटबोर्डला हात लावतो.

फ्रेट बसले म्हणजे सपाट झाले असं नाही. रॉड सैल-घट्ट करून नेक अगदी सरळ करा, सरळपट्टी लावून उजेडाकडे धरून बघा. मग प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करनं शाई लावा आणि सपाट लोखंडी पट्टीला पॉलिशपेपर चिकटवून लांबच्या लांब हलके हात मारा. उंच फ्रेटवरची शाई आधी जाते. सगळ्यांवरची थोडी थोडी जाईपर्यंतच घासायचं, पुढे नाही. मग माथे पुन्हा गोल करायचे, कारण सपाट माथ्याच्या फ्रेटवर सूर नेमका लागत नाही. माझ्या पहिल्या गिटारची खरखर दोन वर्षांनी मी याच रीतीनं घालवली, एका दुपारी.

नेक आणि बॉडीचा सांधा पहिल्यांदा स्क्रूचाच करा. लिओ फेंडरनं 1950 मध्ये बाजारात आणलेल्या गिटारींचा नेक असाच स्क्रूनं बसवलेला होता. बिघडला की बदलता यायचा. तुमचाही बिघडणार आहे. सरसानं चिकटवलेला सांधा दिसायला देखणा असतो, पण त्यात नेकचा कोन अर्ध्या अंशानं चुकला तरी ब्रिजची उंची पुरत नाही, आणि तो सोडवायचा म्हणजे वाफ आणि प्रार्थना.

ब्रिजची जागा नेक बसवल्यावरच ठरवा, नकाशावरून नाही. नटच्या दोन टोकांच्या खाचांतून ब्रिजपर्यंत दोन दोरे ताणा. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून ते सारखे लांब दिसले की मगच छिद्रं पाडा. तार दाबली की ताणली जाते आणि सूर किंचित चढतो, म्हणून तिची खरी लांबी थोडी वाढवावी लागते. बारीक तारेला मिमी-दोन मिमी, जाड तारेला चार-पाचही. त्यामुळे पहिल्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो पुढे-मागे सरकणारा तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढे सरकवून 648 वर आणा आणि तिथे ब्रिज आखा. मी सॅडलं मागे सरकवलेली असताना आखला होता. मागे जायला जागाच उरली नाही. बाराव्या फ्रेटचा तो बेसूर तिथून आला होता.

राउटरला, म्हणजे वेगानं फिरणाऱ्या पात्यानं लाकूड कोरणाऱ्या यंत्राला, घाबरा. एका फेरीत तीन-चार मिमीच खोल जा, साचा दुहेरी टेपनं पक्का चिकटवा, आणि बॉडीच्या टोकांशी, जिथे तंतूंची तोंडं उघडी असतात, तिथे अजून कमी घ्या. पातं तिथे अडकलं तर शिंगाचा, म्हणजे नेकशेजारी पुढे आलेल्या टोकाचा, अख्खा तुकडा उडतो. आकार आधी करवतीनं रेघेपासून दोन मिमी लांब कापून घेतला तर राउटरला काम थोडंच उरतं. शिसव आणि एबनीचा भुसा कित्येकांना अंगावर उठतो, श्वासालाही त्रास देतो, मास्क घाला.

वायरिंगचं फार मनावर घेऊ नका. सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याचा पिकअप) 250 किलोओहमचे पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग), हंबकरला (दोन वेटोळ्यांचा पिकअप) 500 चे, कप्प्यात तांब्याची पट्टी, ब्रिजला अर्थची तार. पिकअप पहिल्यांदा विकतचे घ्या.

फिनिशसाठी नवख्यानं तेल किंवा चपडी लाखेचं पॉलिश घ्यावं. चूक झाली तर घासून पुन्हा लावता येतं. चकचकीत लॅकर फवाऱ्यानं मारायचा तर वेगळी खोली, वेगळा मास्क आणि आठवडे-आठवडे धीर लागतो. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं, टंगचं, असं वाळणारं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. उलगडून वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

हे शिकायचं कसं, असं विचाराल तर माझा क्रम उलटा आहे. आधी स्वतःच्या, मग मित्रांच्या गिटारी सेटअप करा: रॉड, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), नटच्या खाचा, सॅडलं. मग एखाद्या पडीक गिटारचे फ्रेट काढून नवे बसवा. मग सुटे भाग आणून एक गिटार जोडा. पुढे स्वस्त लाकडातून एक नेक करा, फक्त नेक, आणि तो त्या जोडलेल्या गिटारला लावून महिनाभर वाजवा. भारी फळी त्यानंतर.

ज्यांना यावर पोट भरायचं आहे त्यांनी दुरुस्ती सोडू नये. हातानं केलेली एक गिटार काही महिने खाते. फ्रेट घासायचं काम दर आठवड्याला येतं, आणि दुसऱ्यांच्या चुका उघडून बघण्यासारखी दुसरी शाळा मला सापडलेली नाही. एक वही ठेवा, प्रत्येक वाद्याची मापं, लाकूड, ओलावा, काय बिघडलं, सगळं तारखेसकट. साचे जपून ठेवा, त्यांच्यावर मापं लिहून.

आणि ऑर्डर घेताना ग्राहक लाकडाबद्दल तासभर बोलेल. बोलू द्या. मग त्याला सांगा, तुझी सगळ्यात आवडती गिटार घेऊन ये. ती आली की कॅलिपरनं तिच्या नेकची जाडी मोजा, पहिल्या फ्रेटपाशी आणि बाराव्यापाशी, नटची रुंदी मोजा, आणि पाठीचा गोलवा पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. ‘पातळ हवा’ म्हणणाऱ्यानं आणलेल्या गिटारचा नेक 23 मिमी भरला, असं माझ्याकडे तीनदा झालंय.