गोव्यातल्या मुलांना दगड, माती आणि भूरूपे कशी शिकवावीत

अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित हे खडकांचे तीन प्रकार सहावी-सातवीच्या मुलांना तोंडपाठ असतात. घराच्या भिंतीतला चिरा यांपैकी कोणता, असं विचारलं की मात्र वर्ग गप्प होतो. यात मुलांचा काही दोष नाही. पुस्तकातली चित्रं ज्वालामुखीची, हिमनदीची, वाळवंटाची असतात आणि यातलं काहीच आपल्या अंगणात नसतं. म्हणून सुरुवात जांभ्यापासून, म्हणजे ज्याचे चिरे कापतात त्या तांबड्या दगडापासून करा आणि तिथून सडा (डोंगरमाथ्यावरचा सपाट माळ), नदी, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), किनारा असं खाली उतरत जा. गोवा आहे ३,७०२ चौरस किलोमीटरचा. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंत एका दिवसात जाता येतं, ही सोय फार थोड्या मुलांना मिळते.

सामान

भिंग, चुंबक, लोखंडी खिळा, काचेची जुनी बाटली, थोडा व्हिनेगर, मागची बाजू खरखरीत असलेला फरशीचा तुकडा, झाकणाच्या दोन बरण्या, वही-पेन्सिल. हातोडा मोठ्यांनीच चालवावा आणि दगड फोडताना सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मा असावा.

पहिली पायरी : चिरा फोडून बघा

बांधकामाच्या जागी तुटके चिरे पडलेले असतात. विचारून एक आणा आणि फोडा. बाहेरची बाजू पावसाने काळवंडलेली असते, आत मात्र तांबडा, पिवळा आणि जांभळट असे तीन-चार रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. भिंगातून नागमोडी भोकं दिसतील, काहींत पिवळसर माती अडकलेली असेल. वर पाण्याचे थेंब टाका; ते आत मुरतात. मुलांना आधी दिसतं तेवढंच लिहायला सांगा, नाव नंतर.

मग हा दगड कसा झाला ते सांगा. उष्ण हवा आणि धो धो पाऊस यांत मूळ खडक कुजतो. पाणी त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्यं वाहून नेतं. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात. तांबडा रंग त्या लोहाचा, म्हणजे गंजाचाच. जांभा असा झिजेतून उरलेला असल्यामुळे पुस्तकातल्या तीन खान्यांत तो सरळ बसत नाही. हे मुलांना स्पष्ट सांगावं. वर्ग गप्प झाला होता तो बरोबरच होता.

खाणीतून ताजा काढलेला चिरा नरम असतो म्हणून तो सहज कापता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. याच गुणावर गोव्यातली घरं, देवळं आणि किल्ले उभे राहिले. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या भिंतींवर आज गिलावा नाही, त्यामुळे तिथे जांभा उघडा बघायला मिळतो. हरवळ्याच्या गुहाही जांभ्यातच कोरलेल्या आहेत.

दुसरी पायरी : सड्यावर जा, मग पायथ्याशी उतरा

जांभ्याचा कठीण थर टोपीसारखा वर बसतो आणि खालच्या मऊ मातीला झिजू देत नाही. पर्वरी, वेर्णा, मोपा इथले सडे त्यामुळेच सपाट आहेत. सड्याच्या कडेला उभं राहून मुलांना आडवा छेद काढायला लावा : वर सपाट रेघ, बाजूला उतार, खाली शेत.

मग एक प्रश्न टाका : सड्यावर पडलेला पाऊस जातो कुठे? भोकाभोकांतून तो खाली मुरतो, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतो आणि उताराला जिथे वाट मिळेल तिथे झर होऊन बाहेर पडतो. वेर्ण्याजवळची केसरवाळची झर बघितली की मुलांना भूजल वेगळं समजवावं लागत नाही. सड्यावर सगळीकडे काँक्रीट झालं तर झरीचं काय होईल, हा प्रश्न मुलं बहुधा आपणहून विचारतात. त्यावर वेळ द्या.

तिसरी पायरी : दगडांची परीक्षा

आता वेगवेगळे दगड जमवा. पांढरी गारगोटी सगळ्यांत सोपी : खिळ्याने तिच्यावर चरा पडत नाही, उलट ती बाटलीच्या काचेवर चरा पाडते. अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासा, आतून उजेड चमकतो.

डिचोली, सत्तरी, सांगे भागांतला जड, काळपट-तांबडा दगड मिळाला तर तो फरशीच्या खरखरीत बाजूवर ओढा. तांबूस रेघ उठली तर हेमेटाइट, म्हणजे ज्यासाठी गोव्यात खाणी निघाल्या ते खनिज. काळी रेघ उठली आणि चुंबक चिकटलं तर मॅग्नेटाइट. शिंपल्यावर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात, कारण तो कॅल्शियम कार्बोनेटचा. जांभ्यावर तसे येत नाहीत.

अग्निजन्य खडकासाठी चोर्ला घाटातला काळा बेसॉल्ट किंवा काणकोणकडचा ग्रॅनाइट दाखवा. ग्रॅनाइटमध्ये कण डोळ्यांना दिसतात, कारण तो जमिनीत खोलवर सावकाश थंड झाला; बेसॉल्ट वर येऊन लवकर थंड झाला म्हणून त्याचे कण बारीक. रूपांतरित खडकासाठी पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर चांगला, तिथे नाइस आहे. जीवाश्म मात्र या खडकांत शोधू नका. गोव्याचे बहुतेक मूळ खडक २५० कोटी वर्षांहून जुने आहेत, तेव्हा शिंपल्या-हाडांचे प्राणीच नव्हते.

चौथी पायरी : काळाची दोरी

साडेचार मीटर दोरी घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे एक कोटी वर्षं. एक टोक पृथ्वीचा जन्म, दुसरं टोक आजचा दिवस. आजच्या टोकापासून ३.४ मीटरवर अनमोड घाटातला नाइस, ५४ सेंटिमीटरवर कवचवाल्या प्राण्यांचा पसारा, साडेसहा सेंटिमीटरवर दख्खनचा लाव्हा आणि डायनासोरांचा शेवट. माणूस कुठे, हे मुलांनाच मोजू द्या. तीन लाख वर्षं म्हणजे सेंटिमीटरच्या शंभरातले तीन भाग. पेन्सिलची रेघसुद्धा त्याहून जाड पडते.

पाचवी पायरी : नदी, खाडी आणि दोन बरण्या

पुस्तकात नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश असतो. मांडवी आणि झुआरीच्या मुखाशी तो नाही, तिथे रुंद खाडी आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त खाली होती. पुढे हिम वितळलं, समुद्र चढला आणि नद्यांच्या खालच्या दऱ्या बुडाल्या. भरतीचं खारं पाणी आज दूरवर आत शिरतं.

आता गाळ. दोन बरण्यांत सारखीच बारीक चिकणमाती आणि पाणी घ्या. एकीत दोन चमचे मीठ विरघळवा. दोन्ही सारख्याच हलवून शेजारी ठेवा. मिठाच्या बरणीतलं पाणी आधी निवळतं, कारण खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात. नदीचं गोडं पाणी खाडीत खाऱ्याला मिळतं तिथे हेच घडतं. खारफुटीचा चिखल, दिवाडी-चोडणच्या काठची मळी, बांध घालून आणि मानशीने (भरती-ओहोटीचं पाणी राखणाऱ्या दाराने) पाणी राखून केलेली खाजनं ही सगळी या गाळावरची. घरातल्या आजोबांनी किंवा काकांनी मानस चालवली असेल, तर त्या दिवशीचा तास त्यांना घेऊ द्या.

सहावी पायरी : किनारा

दोनापावल, मुरगाव, आग्वाद, काब द राम ही समुद्रात घुसलेली भूशिरं. लाटा त्यांच्यावर आपटून त्यांना झिजवतात आणि वाळू मधल्या वाकणांत साचते. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवा, काळे कण चिकटतील. त्यातले पुष्कळसे मॅग्नेटाइटचे, डोंगरातून नदीने आणलेले.

किनाऱ्यामागच्या वाळूच्या टेकड्या दुरून बघा. मर्यादवेल ती वाळू धरून ठेवते, ती तुडवू नका.

हे पाळाच

पावसाळ्यात समुद्राकाठच्या खडकांवर मुलांना नेऊ नका. इतर दिवसांत भरतीची वेळ बघून जा. पाणी भरलेल्या चिरेखाणी आणि बंद पडलेले खाणींचे खड्डे वर्षभर वर्ज्य. कडा सरळ तुटलेला असतो आणि पाण्याची खोली कळत नाही. कुशावतीकाठच्या उसगाळीमळला जांभ्यावरची कोरीव चित्रं बघायला जरूर जा, पण तिथे हातोडा, खडू, पाणी काही लावू नका.

आणलेल्या प्रत्येक दगडावर कागदाची चिठ्ठी चिकटवा : जागा, तारीख, कोणती परीक्षा केली, काय दिसलं. नाव कळलं नसेल तर ती ओळ कोरी ठेवा. मुलाने अंदाजाने चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा कोरी ओळ घेऊन पुढच्या वेळी पुन्हा त्याच जागी जावं.