सोलापुरात आकाशदर्शन: घुमट नंतर, आधी रांग

लोकांसाठी वेधशाळा काढायची म्हटलं की चर्चा थेट घुमटावर जाते. ती घाई नको. जॉन डॉब्सन हा अमेरिकेतला हौशी खगोलप्रेमी; त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बिणी मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायला सुरुवात केली. प्लायवुडच्या बैठकीवर फिरणारी त्याची 'डॉब' आजही पहिली दुर्बीण म्हणून उत्तम.

आठ इंची आरशाची, १२०० मिमी फोकल लेंथची (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) डॉब शाळेच्या मैदानाला पुरते. २५ मिमी आयपीसला (डोळा लावायचं भिंग) ४८ पट मिळतात; शनीची कडी आणि गुरूचे चार चंद्र स्पष्ट दिसतात. मधोमध आणलेला ग्रह साधारण दोन मिनिटांत कडेला जातो, म्हणजे तीन-चार जणांनंतर दुर्बीण सरकवायची. १० मिमीला १२० पट होतात, पण ग्रह मिनिटभरही टिकत नाही. रांग मोठी असेल तर हा मोह टाळा.

खरा वैरी उन्हाळा. तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत झळा सोडतो आणि शनी उकळत्या पाण्यात पडल्यासारखा हलतो. लोक आरशाला दोष देतात, तो बिचारा निर्दोष असतो. गच्चीऐवजी मातीचं मैदान घ्या, दुर्बीण पाऊण तास आधी उघड्यावर काढा. मग आरसा नीट जुळलाय का ते बघायला ठळक तारा मधोमध आणून फोकस किंचित बिघडवा: वर्तुळं एककेंद्री हवीत. नसतील तर मुख्य आरशामागचा एक स्क्रू पाव फेरा फिरवा, तारा पुन्हा मध्यावर आणा, पुन्हा बघा. आरशावरची धूळ कापडाने पुसू नका. थोड्या धुळीने काही बिघडत नाही, ओरखड्याने बिघडतं.

तारीख शुद्ध सप्तमी ते दशमीतली धरा. पौर्णिमेला चंद्रावर सावल्याच नसतात, विवरं सपाट दिसतात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत शहरात कार्यक्रम नको. दिवे आणि धूळ दोन्ही नडतात. अंधूक दीर्घिका रांगेला दाखवू नका, 'काहीच दिसत नाही' हेच ऐकाल. त्यापेक्षा मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लावा. सोलापूरहून तो क्षितिजापासून जवळपास २५ अंश वर येतो. फक्त त्या बाजूला हॅलोजन नको.

लहान मुलं आधारासाठी आयपीसच धरतात, म्हणून शेजारी जड स्टूल ठेवा. नुसता नंबर असलेल्यांनी चष्मा काढून फोकस फिरवावा. सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा) नंबर मोठा असेल तर चष्मा राहू द्या.